दीडपट वेग आणि हाफिजजी

रमजान जवळ आला की एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. मोबाइलवर तिलावत ऐकताना वेग दीडपट केला तर चालेल का? विचारणारे बहुतेक नोकरी किंवा क्लास सांभाळणारे तरुण असतात. महिन्याभरात पूर्ण कुरआन एकदा ऐकून व्हावा, एवढीच त्यांची इच्छा असते. चालेल की नाही हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, त्यासाठी उलेमा आहेत. पण हा प्रश्न आज विचारता येतो, याचा अर्थ त्याआधी कोणीतरी एक अवघड काम करून ठेवले आहे. आवाजाचा वेग वाढवायचा, पण त्याची पट्टी तीच ठेवायची, असे ते काम. ते कोणी केले आणि कोणासाठी केले, हे सांगावे म्हणून हा लेख.

व्हॉट्सॲपने २०२१ साली व्हॉइस मेसेजला दीडपट आणि दुप्पट वेगाची सोय दिली. यूट्यूबवर ती त्याआधीपासून होती. त्यामुळे ही सगळी घाईच्या जमान्याची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वडीलधारी मंडळी तर त्यावरून नव्या पिढीला दोन शब्द सुनावतातही. प्रत्यक्षात या सोयीचा जन्म घाईतून झालेला नाही. पुस्तक कानाने वाचावे लागणाऱ्या माणसांच्या गरजेने तिला वाढवले आहे.

आपल्या एका शब्दापासूनच सुरुवात करू. उत्तर हिंदुस्थानात अंध माणसाला आदराने ‘हाफिजजी’ म्हणण्याची रीत आहे, जशी हिंदू घरांत ‘सूरदास’ म्हणण्याची आहे. समोरच्याला कुरआन पाठ असो वा नसो. या संबोधनामागे मोठी परंपरा आहे. घरात अंध मुलगा जन्मला की त्याला मकतबात बसवायचे, ऐकून ऐकून कुरआन पाठ करून घ्यायचा. त्यातून त्याला इज्जत मिळे आणि पोटाची सोयही होई. इजिप्तमध्येही हेच होते. ताहा हुसेन (१८८९–१९७३) हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. लहानपणी डोळे आले, गावठी उपचार झाले आणि दृष्टी गेली. गावच्या मकतबात कुरआन पाठ झाला, मग अल-अजहर. १९१४ साली कैरोच्या नव्या विद्यापीठाची डॉक्टरेट, पुढे पॅरिसला सोर्बोनची डॉक्टरेट आणि १९५० साली ते देशाचे शिक्षणमंत्री झाले. ‘अल-अय्याम’ हे त्यांचे आत्मचरित्र अरबीतल्या मोठ्या पुस्तकांत मोजले जाते. या माणसाने एवढे वाचले ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी. सोबती वाचून दाखवत, पुढे फ्रेंच पत्नी सुझान वाचून दाखवत असत. अशा वाचनात वाचणारा थांबला की ऐकणारा थांबतो, तो रेंगाळला की हाही रेंगाळतो. डोळस वाचक नको असलेले पान झरझर उलटतो, अवघड ओळीवर अडून राहतो. कानाने वाचणाऱ्याच्या हाती ते नव्हते.

१९३४ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ३१ मे रोजी इजिप्तचे सरकारी रेडिओ केंद्र सुरू झाले आणि त्याचा आरंभ शेख मुहम्मद रिफअत यांच्या तिलावतीने झाला. शेख रिफअत दोन वर्षांचे असल्यापासून अंध होते. रेडिओवर कुरआन पढणे जायज आहे का, हे त्यांनी आधी अल-अजहरच्या उलेमांना विचारून घेतले, असे सांगतात. (नव्या यंत्राबद्दलचा हा प्रश्न आपल्याकडे दर पिढीत नव्याने विचारला जातो. माझ्याकडे येणारा रमजानचा प्रश्न त्याच कुळातला.) आणि त्याच वर्षी अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने अंध वाचकांना ‘बोलकी पुस्तके’ पाठवायला सुरुवात केली. एकीकडे अंध माणूस पढत होता आणि जग ऐकत होते. दुसरीकडे अंध माणूस ऐकत होता आणि त्याच्यासाठी कोणी वाचत होते.

बोलकी पुस्तके म्हणजे तबकड्या. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, ३३ आणि एकतृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी सामान्य ग्राहकांसाठी कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. अंध वाचकांच्या घरी त्या वेगाच्या तबकड्या त्याआधी चौदा वर्षे फिरत होत्या. कारण उघड आहे. गाणे तीन-चार मिनिटांत संपते, कादंबरी संपत नाही. ब्रिटनमध्ये १९३५ साली ही सेवा सुरू झाली आणि पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. या कामामागे इयन फ्रेझर नावाचा माणूस होता. १९१६ साली सोमच्या लढाईत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचे डोळे गेले होते. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांपैकी अनेकांना त्या वयात ब्रेल शिकणे जमत नव्हते. गोळ्यांनी बोटेही अधू झालेली असत. त्यांना पुस्तक हवे तर ते आवाजातच हवे होते.

इथे पहिली अडचण पुढे आली. चांगला वाचक मोठ्याने वाचतो तेव्हा मिनिटाला साधारण १७५ इंग्रजी शब्द होतात. डोळ्यांनी मनात वाचणारा शिकलेला माणूस २५० ते ३०० शब्द सहज वाचतो. ब्रेलचा वेग बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत शंभराच्या आत-बाहेर. म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या अंध मुलाला तेच पुस्तक, तीच परीक्षा आणि तीच तारीख, पण वाचायला दीडपट ते तिप्पट वेळ. कादंबरीत हे खपून जाते. अर्थशास्त्राची सहा पुस्तके वाचायची असली की खपत नाही.

मग तबकडीच जोरात फिरवली तर? काही जण तसे करतही. पण त्याने आवाज चिरका होतो. माझ्या वयाच्या लोकांना हे कॅसेटमुळे माहीत आहे. सेल उतरले की टेपरेकॉर्डरमधले मौलाना साहेब घोगरे होत होत शेवटी झोपी जात, आणि ‘फॉरवर्ड’चे बटण अर्धवट दाबले की तेच मौलाना उंदरासारखे चीं-चीं करत. कारण साधे आहे. आवाज म्हणजे हवेची कंपने. पुरुषाच्या बोलण्यात गळ्याच्या पडद्यांची कंपने सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे असतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. तबकडी दुप्पट वेगाने फिरवली की शंभर कंपने अर्ध्या सेकंदातच उरकतात, म्हणजे सेकंदाला दोनशे होतात. वेगासोबत पट्टी बरोबर एक सप्तक वर चढते. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. ती दोरी सोडवायची कशी, हा पेच होता.

तो आधी कागदावर सुटला. डेनिस गाबोर हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला, नाझींमुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेला शास्त्रज्ञ. होलोग्राफीसाठी त्याला पुढे १९७१ साली नोबेल मिळाले. १९४६ साली त्याने संदेशवहनाच्या सिद्धांतावर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यात आवाजाकडे बघण्याची नवी रीत होती. आवाज सलग धारेसारखा न मानता तो छोट्या छोट्या दाण्यांचा बनलेला माना. मग काही दाणे गाळता येतील, काही दोनदा ठेवता येतील, आणि प्रत्येक दाण्याच्या आतली कंपने मात्र जशीच्या तशी राहतील. त्यासाठी फिरत्या नळकांड्याच्या फटींतून सिनेमाच्या फिल्मवरचा ध्वनी वाचण्याचे यंत्रही त्याने सुचवले होते.

पण दाणे गाळले तर बोलणे कळेल का? १९५० साली मिलर आणि लिकलायडर या दोन अमेरिकन संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांनी बोलण्याचा आवाज सेकंदात अनेक वेळा बंद-चालू केला. एकूण अर्धा वेळ शांतता, अर्धा वेळ आवाज. तरी ऐकणाऱ्यांना बहुतेक शब्द कळले. बोलण्यात माणूस गरजेपेक्षा बरेच जास्त काही ओतत असतो, असा त्याचा अर्थ. मग विल्यम गार्वी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली. त्याने टेप घेतली, तिचे बारीक तुकडे कापले, एक ठेवायचा एक टाकायचा असे करत उरलेले हाताने चिकटवले. त्या काळची स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच पळे. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग चार मिलिमीटरपेक्षाही कमी. एकेका शब्दासाठी किती ब्लेड आणि किती चिकटपट्टी लागली असेल याचा हिशेब करून पाहावा. १९५३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. अशा रीतीने शब्द दुप्पट वेगाचे केले तरी ते ओळखण्यात फारशी घट होत नव्हती. तेच शब्द नुसती टेप पळवून ऐकवले, तर आकलन पटकन ढासळत होते.

हे का जमते ते मराठी शब्दावरच पाहू. ‘काळ’ हा शब्द घ्या. त्यातला ‘आ’ सावकाश बोलताना सेकंदाचा पाचवा भाग टिकतो. शंभर कंपनांच्या आवाजात त्या वेळात वीस लाटा बसतात आणि शेजारच्या लाटा एकमेकींसारख्याच असतात. मधल्या दहा काढून टाकल्या आणि टोके नीट जुळवली, तर ‘आ’ निम्मा होतो, पण प्रत्येक लाटेची लांबी तीच राहते. म्हणून पट्टीही तीच. टोके जुळली नाहीत तर प्रत्येक सांध्यावर टक्‌ असा आवाज येतो. खरी भीती व्यंजनांची. ‘क’चा स्फोट सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात आटोपतो. तोच कात्रीत सापडला तर? ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दार’ आणि ‘धार’ यांत फरक करणारा हकाराचा श्वासही असाच निसटता असतो. त्यामुळे तुकडे फार मोठे घेऊन चालत नाही, फार लहान घेऊनही चालत नाही.

हाताचे काम यंत्राकडे दिले ते इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रँट फेअरबँक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९५४ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये टेप पळते आणि आवाज वाचणारे हेड जागेवर असते. यांनी चार हेडे एका फिरत्या नळकांड्यावर बसवली. टेप वेगाने पळते आहे, पण हेडही तिच्याच दिशेने सरकते आहे. त्यामुळे हेडच्या दृष्टीने टेप नेहमीच्याच वेगाने जाते आणि पट्टी बदलत नाही. एक हेड टेपवरून सुटले की दुसरे टेकते, आणि या दोघांच्या मधला टेपचा तुकडा कोणीच वाचत नाही. गार्वीच्या ब्लेडने कापून टाकलेला तो हाच तुकडा. पळत्या एसटीच्या बाजूने थोडे धावत जाऊन खिडकीतल्या माणसाशी बोलावे, मग मागच्या खिडकीशी, तसा हा प्रकार. जर्मनीत अँटोन स्प्रिंगरनेही फिरत्या हेडांचेच यंत्र बनवले आणि ते बाजारातही आले.

आता या कथेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. अमेरिकेत केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचे शहर आहे. अंधांसाठी पुस्तके छापणारी एक जुनी संस्था तिथे १८५८ पासून आहे. त्याच शहराच्या विद्यापीठात इमर्सन फाउल्क मानसशास्त्र शिकवत होते आणि ते स्वतः अंध होते. यंत्र चालते का, यापेक्षा आमच्या मुलांना त्यातून काही कळते का, हा त्यांचा प्रश्न होता. १९६२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास छापला. ब्रेल वाचणाऱ्या शाळकरी मुलांना मिनिटाला १७५ शब्दांपासून ३७५ शब्दांपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी उतारे ऐकवले आणि नंतर प्रश्न विचारले. २७५ शब्दांपर्यंत आकलनात विशेष फरक पडला नाही. त्यापुढे ते घसरत गेले. म्हणजे डोळस मुलगा मनात वाचतो त्या वेगाला अंध मुलगा कानाने पोहोचू शकतो, हे मोजून सिद्ध झाले. १९६६ साली फाउल्क यांच्या पुढाकाराने लुइव्हिलला या एकाच विषयावर परिषदही भरली.

फाउल्क यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची आहे. एकेक सुटा शब्द ओळखणे वेगळे आणि उतारा समजणे वेगळे. बराच वेग वाढवला तरी सुटे शब्द ओळखू येतात, पण सलग ऐकताना त्यांचा अर्थ लावायला मनाला जो अवधी लागतो तो उरत नाही. कान पुढे जातो आणि समज मागे राहते. हे वाचले तेव्हा मला एक हदीस आठवली. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात ज्याने पूर्ण कुरआन पढला त्याला तो समजला नाही, असा तिचा आशय आहे. अब्दुल्लाह बिन अम्र यांच्याकडून आलेली ती रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिच्यात हाच भेद आहे. पढून होण्याबद्दल ती बोलत नाही, समजण्याबद्दल बोलते.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सँफर्ड ग्रीनबर्ग हा विद्यार्थी काचबिंदूने अंध झाला. साल १९६१. शिक्षण सोडून तो घरी गेला होता. खोलीतला सोबती त्याला परत घेऊन आला आणि रोज पुस्तके वाचून दाखवू लागला. हा सोबती म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक आर्ट गारफंकेल. ग्रीनबर्ग पदवीधर झाला, हार्वर्डची डॉक्टरेट घेतली. टेपवर पुस्तके ऐकण्यात किती तास जातात हे त्याला पुरते कळले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने शब्द न बिघडवता वेग वाढवणारे यंत्र विकसित केले. गारफंकेलचा आवाज कितीही गोड असला तरी त्याला ‘जरा भरभर वाच’ असे दिवसाला किती वेळा म्हणणार? यंत्राला सांगायला संकोच नसतो. ज्याने कोणाकडून तरी वाचून घेतले आहे त्याला यातली मेख कळेल.

मग पैसेवाले आले. एमआयटीतले प्राध्यापक फ्रान्सिस ली यांच्या लेक्सिकॉन कंपनीने १९७०च्या दशकात हे काम फिरत्या हेडांशिवाय, इलेक्ट्रॉनिक स्मृतीच्या साहाय्याने करून दाखवले. काही वर्षांतच टीव्हीवाल्यांनी ते उचलले. सिनेमा किंचित वेगाने दाखवला की दोन जाहिराती जास्त बसतात आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. १९७९ साली मॅकलॅकलन आणि लाबार्बेरा यांनी रेडिओच्या जाहिराती थोड्या वेगवान केल्या तर काय होते, यावर निबंधच लिहिला. अंध विद्यार्थ्याचे तास वाचवणारी युक्ती साबण विकण्याच्या कामी आली. त्यात नवल नाही, पण पुढे तिच्या इतिहासातून अंध वाचक गाळला गेला, हे मला खटकते.

नंतरचा भाग गणिताचा आहे. तो मी थोडक्यात उरकतो. १९६६ साली बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यांत फोडून पुन्हा जुळवण्याची रीत मांडली. ती आज संगीतात जास्त वापरतात. १९८५ साली रूकोस आणि विल्गस यांनी कापाकापीची जुनी पद्धतच संगणकावर सुधारली. दोन तुकडे एकमेकांवर किंचित सरकवून पाहायचे, लाटा जिथे उत्तम जुळतात तिथेच सांधा मारायचा. १९९३ साली ब्रसेल्समध्ये तिची आणखी सफाईदार आवृत्ती निघाली. पुढे बिल कॉक्स यांनी ‘सॉनिक’ नावाचा प्रोग्राम लिहिला, तो मुख्यतः अंध वापरकर्त्यांसाठी, दुप्पटीहून जास्त वेगातही आवाज स्पष्ट राहावा म्हणून. अँड्रॉइडने तो आपल्यात सामावून घेतला. आपल्या खिशातल्या फोनमध्ये गार्वीचे ब्लेड या रूपाने बसले आहे.

आता तिलावतीकडे. वेगाचा विचार आपल्या कारींनी यंत्रांच्या कितीतरी आधी करून ठेवला आहे. इब्नुल जजरी (मृत्यू १४२९) यांच्यासारख्या इमामांनी पठणाच्या गती नावानिशी सांगितल्या. ‘तहकीक’ म्हणजे अगदी सावकाश, शिकण्या-शिकवण्याची. ‘हद्र’ म्हणजे जलद. ‘तदवीर’ म्हणजे मधली. गती कोणतीही असो, तजवीदचे नियम सुटता कामा नयेत, ही अट तिन्हींना सारखी. सूरह मुज्जम्मिलमध्ये ‘तरतील’चा जो हुकूम आहे तो तिन्ही गतींना लागू धरला जातो. म्हणजे जलद पढणे मुळात दोष नाही. घासून पढणे हा दोष आहे.

इथे एक बारकावा आहे. तजवीदमध्ये मद्द म्हणजे स्वर लांबवणे. ते सेकंदांत मोजत नाहीत, हरकतींत मोजतात. साधे मद्द दोन हरकतींचे, लाजिम मद्द सहा हरकतींचे, गुन्नह दोन हरकतींचा. हरकत हे माप पढणाऱ्याच्या स्वतःच्या गतीवर ठरते. गती वाढली की हरकत आखूड होते आणि तिच्यासोबत मद्दही त्याच प्रमाणात आखूड होते. प्रमाण मोडत नाही. अरबीत ते मोडून चालतच नाही. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कातब’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. फरक फक्त एका स्वराच्या लांबीचा. फोनमधला साधा दीडपट वेग सगळ्याच गोष्टी सारख्याच प्रमाणात आखडतो, म्हणून सहा हरकती सहाच राहतात. त्या बाबतीत यंत्र हद्र पढणाऱ्या कारीच्या बरेच जवळ जाते.

याउलट रोजच्या बोलण्यात माणूस भराभर बोलू लागला की तो सगळे सारखे आखडत नाही. विराम सर्वांत जास्त कापतो, बाकीचे त्याहून कमी. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी नेमके हे हेरून ‘मॅक वन’ नावाची पद्धत काढली. यंत्रानेही विराम सर्वांत जास्त आणि आघात असलेले स्वर सर्वांत कमी कापावेत. भाषणाला ही पद्धत उत्तम, कारण ऐकणाऱ्याला जास्त कळते. तिलावतीला मात्र ती मारक आहे, कारण तिच्यात मद्दचे प्रमाण बिघडते. पॉडकास्ट ऐकायच्या काही ॲपमध्ये ‘शांतता गाळा’ अशी सोय असते. बयान ऐकताना ती खुशाल चालू ठेवावी. कुरआन ऐकताना ती बंद केलेली बरी. आयतीच्या शेवटी कारी थांबतो तो वक्फ रिकामा नसतो, कुठे थांबायचे याचेही शास्त्र आहे. आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ उतरतो तो त्याच जागी.

म्हणून त्या तरुणांना मी एवढेच सांगतो की ऐकायला बसण्याआधी हेतू ठरवावा. हिफ्ज करणारा मुलगा आपली मंजिल पक्की करण्यासाठी दीडपट वेगाने ऐकत असेल तर तो हद्रचाच सराव करतो आहे. समजून घेण्यासाठी ऐकणाऱ्याने वेग एकवरच ठेवावा. आणि फक्त आकडा पुरा करण्यासाठी वेग वाढवणार असाल तर मग फोनला तरी दोष कशाला द्यायचा? काही ठिकाणी तरावीहमध्ये हाफिज साहेब इतके सुसाट सुटतात की मागच्या सफीत ‘यअलमून, तअलमून’ एवढेच ऐकू येते, हा विनोद आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात चालतो. ते तर माणसाच्याच तोंडून येते. तिथे प्रमाणही सांभाळले जात नाही. फोन निदान ते तरी सांभाळतो.

इजिप्तमध्ये लबीब अस-सईद यांच्या पुढाकाराने पूर्ण कुरआनचे पहिले मुरत्तल ध्वनिमुद्रण झाले, शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात, १९६१ साली. शेख हुसरींनी शिकणाऱ्यांसाठी अगदी संथ पठणही वेगळे ध्वनिमुद्रित केले. आज मदरशातली मुले त्यांचे मुरत्तल पाऊण वेगाने लावून गुन्नह कुठे सुटतो ते ऐकतात. तंत्र तेच, उलट दिशेने. लाटा गाळण्याऐवजी यंत्र त्या पुन्हा पुन्हा वाजवते. पण ‘कलकला’ची अक्षरे त्यात थोडी विस्कटतात, म्हणून शक्य असेल तिथे हुसरींचे संथ ध्वनिमुद्रणच लावावे.

‘हाफिजजी’ या शब्दातला आदर खरा आहे. पण त्या आदरात एक मर्यादाही होती. अंध मुलाला आपण एक ग्रंथ दिला, तो सर्वांत मोलाचा दिला, आणि बाकीच्या ग्रंथांचे काय, हे क्वचितच विचारले. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम हे अंध सहाबी इल्म मागायला आले होते, त्या प्रसंगावर सूरह अबस उतरली, हे आपण बयानांत ऐकतो. आजचा अंध मुलगा कायदा, इतिहास, स्पर्धा परीक्षा मागतो आहे. मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना १९५२ पासून आहे, तिने बोलक्या पुस्तकांचे काम केले. झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी केंद्र आहे. कायद्याची वाटही मोकळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अंध वाचकांसाठी सुलभ प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार तर मराकेशमध्ये झाला आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता.

अडते ते पुस्तकापाशी. अंध मुलाचा फोन मराठी वाचतो, मिनिटाला तीनशे-चारशे शब्दांनी वाचतो. आपल्याला तो नुसता गलका वाटतो, त्याला ते स्वच्छ कळते. पण त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. मराठीतली बरीच पुस्तके, त्यात मुस्लिम मराठी साहित्य संमेलनांच्या वर्तुळातली, इस्लामवरची मराठी भाषांतरे आणि छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिकाही आल्या, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत किंवा नुसती छापील आहेत. त्या फाइली फोनला वाचायला दिल्या की तो रोमन अक्षरांची आणि चिन्हांची बडबड करतो, मग वेग कितीही ठेवा. ज्या लेखक-प्रकाशकांकडे अशा फाइली पडून आहेत त्यांनी त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. बदलून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरे आणि रफार नंतर एकदा माणसाने तपासावे लागतात.